आधी लेकरं, मग धान

मित्रांनो, मी विदर्भातल्या गोरेगावच्या धानगिरणीतला जुना तराजू आहे. १९४७ च्या उन्हाळ्यात दुधराम लोहाराने मला घडवले. दोन रुंद पारडी, लोखंडी दांडी आणि दांडीच्या मधोमध एक काटा. तो सरळ उभा राहिला की तोल बरोबर. तोलाई करणारा जागेश्वर म्हणायचा, "हा खोटं बोलत नाई." त्या कौतुकावर मी सात वर्षे धान तोलला.

त्या गिरणीत चाळीस बाया उकडलेला धान उन्हात पसरत आणि पायांनी फिरवत. त्यांची तान्ही लेकरे पोत्यांच्या आडोशाला, कोंड्याच्या धुळीत निजत. त्यांतल्या रुख्माचे पहिले लेकरू त्याच धुळीत खोकून खोकून गेले होते. म्हणून दुसरी मुलगी प्रेमिला झाल्यावर रुख्मा तिला पाठीशी बांधूनच काम करी.

१९५४ च्या श्रावणात गावातल्या महिला मंडळाच्या सुमित्राबाई गिरणीचे मालक नंदलाल शेठ यांच्याकडे आल्या.

"शेटजी, बारदानाची, रिकाम्या पोत्यांची खोली आम्हाला द्या. लेकरं सांभाळायला बाई, पेज आणि औषध मंडळ पाहील."

शेठनी खोलीचे दार उघडून आत पाहिले. मग म्हणाले, "देखो बाई, खोली दिली. रोजचं दूधही माझं. पण दिवाळी झाल्यावर लेकरं वजनात भरलेली दिसली पाहिजेत. नाहीतर नव्या धानाची पोती तिथंच लागतील."

अशी गिरणी आणि मंडळ यांची जोडी जमली. दर शनिवारी, काम जरा सैल पडले की जागेश्वर खोलीतल्या अकरा लेकरांना तोलू लागला. माझ्या पारड्यात घोंगडी अंथरली जाई. मित्रांनो, पोते पारड्यात पडले की नुसते बसते. लेकरू हातपाय झाडते, साखळी तोंडात घालते. सुरुवातीला मी पार गडबडून जात असे. भाद्रपदात प्रेमिला पाच शेर भरली, अश्विनात साडेपाच. रुख्मा आता मोकळ्या पाठीने धान फिरवू लागली.

मग कार्तिक आला आणि नवा धान आला. नवा धान ओला असतो. म्हणून त्याच्या प्रत्येक तोलातून तीन पाव, म्हणजे पाऊण शेर, कमी धरायचे, अशी गिरणीची रीत होती. तिला कडता म्हणत. दिवाळीनंतरच्या शनिवारी पहाटेपासून गाड्या लागल्या होत्या. जागेश्वर तोलत होता, कडता कापत होता, आकडा पुकारत होता. त्याच ओघात लेकरांची पाळी आली. शेठ स्वतः समोर उभे होते.

"प्रेमिला, सव्वापाच!"

एकामागून एक अकराही लेकरे घटलेली निघाली. सुमित्राबाईंचा चेहरा उतरला.

"वजन घटलं, बाई," शेठ म्हणाले. "उद्या खोली रिकामी करा."

माझा काटा तर पूर्ण सहा शेरांवर सरळ उभा राहिला होता! पण मला तोंड कुठे? रुख्माने प्रेमिलाला उचलले. एकदा या हातावर घेतले, एकदा त्या. खोली गेली तर पोरगी पुन्हा धुळीत, हे तिला ठाऊक होते. ती तिथून हलली नाही.

"जागेश्वरभाऊ, मी हिले रोज उचलून राह्यली. पोरगी भारी झाली. तुमी कडता तं नाई कापला?"

जागेश्वरने जीभ चावली. "अरे बाप्पा! सकाळपासून कापूनच राह्यलो, तोंडाले तेच वळण लागलं!"

"कायले कापता? माही पोरगी का ओला धान आहे?"

मागून म्हातारी देवकाबाई म्हणाली, "ओली तं आहेच! लंगोट बदलून तोला!"

सगळ्या बाया खदखदून हसल्या. शेठ हसले नाहीत. त्यांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या. "फिरसे तोलो. वजनं मैं रखूंगा."

प्रेमिला सहा शेर! पुढचे लेकरू साडेसात! अकराच्या अकरा वाढलेली! प्रत्येक आकड्याला बाया टाळ्या वाजवत होत्या. शेवटचे लेकरू शेठनी स्वतः उचलून आईच्या हाती दिले आणि हमालांना ओरडून सांगितले, "पोती ओसरीत रचा! खोलीला कुणी हात लावायचा नाही!"

त्या दिवसापासून शनिवारी आधी लेकरे आणि मग धान, असा नेम झाला. दोन वर्षांत आणखी दोन गिरण्यांनी मंडळाला खोल्या दिल्या.

आता १९६० साल आहे. किलोची मापे आली, गिरणीत नवा वजनकाटा आला. मला मंडळाने मागून घेतले. धान विसरलो, आता फक्त लेकरे तोलतो. माझ्या साखळ्यांवर गंज चढू लागला आहे.

मित्रांनो, सवड मिळाली तर मला तेलाचा एक हात फिरवा. पण त्याआधी खोलीतल्या पाळण्यांच्या दोऱ्या तपासा, दूध आले का ते पाहा. माझे काम उद्यावर गेले तरी चालेल. लेकरांचे मात्र आजच करा.