उलट्या गुडघ्यांची भावली

आमचे मिस्त्री बैल करतात. लाकडाचे, चाकांवरचे. तान्ह्या पोळ्याला लेकरं दोरीनं ओढत नेतात, ते. बाकी वर्षभर लोकांची दारं, दिवाण, खाटा करतात. पण इतवारीतल्या आमच्या गल्लीत त्यांची ओळख बैलांचीच. सगळे त्यांना धोंडबा मिस्त्री म्हणतात. मी नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणते. रागात असले की तेवढंही म्हणत नाही.

बैल मात्र देखणे. वशिंड पाहावं, शिंगं पाहावी, मागच्या पायांचा बाक तर पाहतच राहावा. बत्तीस वर्षांत गल्लीतल्या बापांना त्यांनी बैल दिले, मग त्या बापांच्या पोरांना दिले. आणि बत्तीस वर्षांत एकाही पोरीसाठी त्यांच्या हातून काही झालं नाही, हेही तितकंच खरं.

आमची कौसल्या सात वर्षांची होती तेव्हा तिनं पोळ्याला बैल मागितला होता. मिस्त्री एका बैलाच्या शिंगांना रंग देत होते. मान वर न करता म्हणाले, "पोरीले बैल काहाले? पोरींचा कुठी पोळा असते काय?"

कौसल्या रडली नाही. घरात आली, माझं लाटणं उचललं, त्याला सुतळी बांधली आणि दुपारभर दारासमोरून ओढत फिरली. पोट्टे हसले. पुरण वाटून तयार होतं, मी लाटणं मागत होते आणि ती देत नव्हती. मिस्त्रींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र ते कधी विसरले नाही, आणि संधी मिळेल तेव्हा त्यांनाही विसरू देणार नव्हते, पण विषय काढायला जावं तर ते म्हणायचे, "कोनतं लाटनं?" अशा माणसाशी भांडण तरी कसं करावं!

शहात्तर साली तीच कौसल्या दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. सोबत थोरली शकुन होती, सहा वर्षांची. बारसं झालं न झालं तोच मिस्त्रींनी नातवाचा बैल कोरायला घेतला. नातू अजून मान धरत नव्हता, पण त्याचा पहिला तान्हा पोळा ना! शकुन शेजारी बसून भुशाचे ढीग करत होती. मध्येच तिनं विचारलं, "आबाजी, माहा बैल?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं. आतून काय बाहेर येणार ते मला पाठ होतं. मी पोळपाटाशी होते. हातातलं लाटणं मी जरा जोरातच आपटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. घसा खाकरून म्हणाले, "तुले भावली करून देतो. बसनारी, उठनारी, हात जोडनारी. पोळ्यात घेऊन जाजो."

शकुननं तासाभरात गल्लीभर सांगून टाकलं. पोळ्याला वीस दिवस होते. तेवढ्या दिवसांत बाहुली झाली नाही, तर ही पोरगीही आपल्या आईसारखी दारातच राहून दुसऱ्यांचे बैल पाहणार होती. आणि या वेळी मी गप्प बसणार नव्हते.

आता खरं सांगायचं तर बसणारी-उठणारी बाहुली मिस्त्रींनी आयुष्यात एकदाच पाहिली होती, तीही मोडलेली. रामदासपेठेत एका वकिलांकडे कपाटाच्या बिजागऱ्या बसवायला गेले होते. तिथल्या विलायती बाहुलीचं आतलं रबर तुटलं होतं आणि तिचे हातपाय डब्यात पडले होते. मिस्त्रींनी डब्यात डोकावलं. प्रत्येक सांध्यात एक गोळा, गोळ्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे वाटीसारखे कोरलेले, आणि सगळ्यांना आतून आवळून धरणारं रबर. एवढं पाहून हे स्वतःला हाडांचे डॉक्टर समजायला लागले.

पहिलं डोकं केलं. बैलाचे डोळे बाजूला असतात, हाताला तीच सवय. बाहुलीचेही डोळे थेट कानांजवळ गेले.

"बरी झाली," मी म्हटलं. "दोन्हीकडून येनारी सायकल एकाच वक्ती पाहीन."

संध्याकाळी त्यांनी दुसरं डोकं कोरायला घेतलं.

मग गोळ्यांची पाळी आली. एक लिंबासारखा झाला, एक आवळ्यासारखा, एक कशासारखाच नाही. खुब्यात बसवला की पाय अर्ध्यात अडायचा. मी म्हटलं, "अजी, खराद्याकडे जा. चरकावर लाकूड फिरवून घडीभरात गोल करून देईन."

"मी खराद्याकडे जाऊ? बत्तीस साल झाले मले हत्यार धरून!"

बारशाला आणलेला शेजारणीचा पाळणा परत गेला, म्हणून दोन दिवसांनी मी माळ्यावरचा आमचा पाळणा काढला. कौसल्या त्याच पाळण्यात वाढली होती. चारही कड्यांवर दोन-दोन लाकडी गोळे होते, गुळगुळीत, खराद्यानंच केलेले. आता कड्या नुसत्याच लोंबत होत्या.

"बाबा, याचे गोळे कुठी गेले?" कौसल्यानं विचारलं.

"किडले होते," मिस्त्री म्हणाले आणि लगबगीनं बाहेर गेले.

मी जाऊन पाहिलं. दोन खांदे, दोन कोपरं, दोन खुबे, दोन गुडघे. बरोबर आठ. मानेसाठी नववा गोळा मात्र त्यांचा स्वतःचा होता, म्हणून ती बाहुली पहिल्यापासून जरा मान वाकडी करूनच जगाकडे पाहते.

रबर म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. तारेचा आकडा करून पट्टी खांद्यातून खांद्यात ओढायची, आणि ओढताना श्वास रोखायचा. एकदा आकडा सटकला आणि बाहुलीच्या हातानं मिस्त्रींच्या नाकावर सणसणीत लगावली. मी एवढ्या वर्षांत जे केलं नाही ते तिनं जन्मायच्या आधी केलं. मला ती तेव्हापासून आवडायला लागली.

पोळ्याला चार दिवस उरले तेव्हा बाहुली जुळून तयार झाली. मिस्त्रींनी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि तिला स्टुलावर बसवायला घेतलं. मांड्या बरोबर समोर आल्या. मग त्यांनी गुडघे वाकवले, आणि पाय खाली यायच्या ऐवजी वर गेले. दोन्ही पंजे थेट तोंडापाशी.

शकुन वाकून पाहत म्हणाली, "आबाजी, इचे पाय बैलाचे हायत."

खरंच तसं होतं. बैलाचा मागचा पाय जिकडे मुडपतो, तिकडे त्यांनी गुडघ्याची खाच कोरली होती. बत्तीस वर्षं हात तेच शिकला होता.

"विलायतेत असेच बसत असतीन," मिस्त्री म्हणाले. पण आवाजात दम नव्हता. त्यांनी नडग्या उलट्या फिरवून लावल्या. गुडघे आता नीट वाकले, पण पंजे मागच्या बाजूला वळले.

"आता तं हडळच झाली," मी म्हटलं.

माझं चुकलंच. शकुन घाबरून माझ्या लुगड्यामागे लपली आणि तिथूनच बारीक आवाजात म्हणाली, "मंग मी दारातच उभी राहू काय, आबाजी?"

कौसल्या बाळाला घेऊन आत निघून गेली. मिस्त्रींनी पटाशी खाली ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसले. मी पाण्याचा गडवा घेऊन गेले तर म्हणाले, "मले नाई जमत वं. हात बैलाचाच झाला."

या माणसाच्या तोंडून 'जमत नाही' मी पहिल्यांदा ऐकत होते. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला त्यांची फार दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला. मी पाट आणला, त्यांच्यासमोर मांडला, वर बसले आणि लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलं.

"पाहा. बैलाचे पाय लय पाहिले. आता बायकोचे पाहा."

"अवं, कोनी येईन ना!" ते रस्त्याकडे पाहत म्हणाले.

"येऊ द्या. गुडघाच हाय, खजिना नोहे."

त्यांनी आधी चोरून पाहिलं. मग त्यांच्यातला मिस्त्री जागा झाला. माझा पाय धरून वाकवला, सरळ केला, परत वाकवला. वाटी कुठे सरकते ते अंगठ्यानं चाचपलं. सुतळीनं माप घेतलं. कानामागची पेन्सिल काढून पोटरीच्या वर, गुडघ्याच्या मागे, जिथे खाच हवी तिथे रेघ मारली. ती रेघ मी दोन दिवस घासून काढली नाही. हे त्यांना अजून ठाऊक नाही आणि कोणी सांगायचंही नाही.

दोन दिवसांत नवे पाय झाले. माझा उजवा गुडघा जरा बाहेर झुकतो. बाहुलीचाही झुकला. मी तक्रार केली तर म्हणाले, "जसं पाहिलं तसं केलं."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी मारबतीची मिरवणूक गेली आणि दुपार कलली तशी गल्लीत बैलांची खडखड सुरू झाली. मिस्त्रींनी बाहुलीला बैलासारखीच चाकांची पाटी दिली होती. मी जुन्या लुगड्याच्या काठाचं पातळ नेसवलं. शकुन दोरी धरून निघाली. तिच्या भावाचा बैल घरी कोपऱ्यातच राहिला. मालक झोपला होता.

समोरच्याच नाक्यावर तिला शेजारच्या मनोहररावांचा पोरगा मुकुंद भेटला. त्याचा बैल गल्लीत सगळ्यांत मोठा. तो म्हणाला, "हा कोनता बैल हाय वं?"

मी ओट्यावरून उठून उभी राहिले. आत दाराआड कौसल्या उभी होती.

"बैल नोहे, बैलवाली हाय," शकुन म्हणाली. "तुमचे सारे बैल इच्याच घरचे हायत."

ते खोटं नव्हतं. मुकुंद आपल्या बैलाकडे पाहत राहिला. मग सगळे मिळून घरोघर गेले. प्रत्येक उंबऱ्यावर शकुन बाहुलीला पाटीवर बसवायची, हात जोडायला लावायची, आणि बाया बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ, घालायला परत परत वाकायच्या. पोरगी फ्रॉकमध्ये मुरमुरे, बत्तासे, लाडू असं मावेना इतकं घेऊन परतली आणि बाहुलीला उशाशी घेऊन दिवेलागणीलाच झोपली.

मिस्त्री ओट्यावर काचपेपरनं काहीतरी घासत बसले होते. कौसल्या बाळाला मांडीवर घेऊन दारात टेकली होती. तिनं पाहिलं आणि विचारलं, "हे काय, बाबा?"

ते उलटे पाय होते. मी समजत होते की ते कधीच चुलीत गेले.

"तुह्या भावलीचे," मिस्त्री मान वर न करता म्हणाले. "बाकीची करून देतो. गुडघे उलटे हायत. पन लाटन्यापेक्षा तं बरी दिसन."

एकोणीस वर्षं मी या माणसाला आंधळा समजत होते. त्यांनी पाहिलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

कौसल्यानं बाळ माझ्याकडे दिलं. ते पाय हातात घेऊन गुडघे वाकवून पाहिले, पुढे, मागे. मग वडिलांच्या शेजारी भुशातच बसली.

"पाळन्याचे गोळे तं संपले, बाबा," ती म्हणाली.

"खराद्याकडे जाईन," मिस्त्री म्हणाले.