फिकट रेघ

सुलभानं पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. दुसरी रेघ फिकट होती, पण होती.

बाजार खुला झाल्यापासून एड्सच्या झटपट तपासणीच्या पट्ट्यांचं नुसतं पेव फुटलं होतं. त्यांतली कुठली भरवशाची, हे ठरवायचं काम नारायणगुड्यातल्या या प्रयोगशाळेकडे होतं. आधीच तपासलेल्या रक्तावर पट्टी लावायची. एक रेघ म्हणजे रोग नाही, दोन म्हणजे आहे. रुग्णांची नावं झाकून नुसते आकडे ठेवत. निरोगी रक्त मात्र घरचंच, कर्मचाऱ्यांपैकी कुणाचं तरी. ते आधी तपासून घ्यावं, हे कधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आज पाळी सुलभाची होती.

“कायकू परेशान होरी गे? पट्टीच खराब है,” तिची सहकारी भाग्यलक्ष्मी म्हणाली. सकाळी तिनंच रक्त काढलं होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख उदय सर पट्टी पाहून चक्क हसले.

“तुमच्या रक्तावर रेघ उमटवते म्हणजे ही कंपनी बादच. पट्टी चुकली, असं लिहून टाका.”

सुलभाचा जीव भांड्यात पडला. तिनं पेन उघडलं, आणि हात तिथंच थांबला. याच पट्ट्यांनी आज बाकी एकाही नमुन्यावर चूक केली नव्हती. बियाण्यांच्या परदेशी कंपनीत लागल्यापासून तिचा नवरा कुलदीप निम्मा महिना विजयवाड्याकडे असे. हल्ली त्याचा ताप हटत नव्हता. फिरतीचा शीण, असं तो म्हणायचा, आणि तीही तेच म्हणायची. तिला भीती वाटली, आणि इतक्या सहज पट्टीलाच चुकीचं ठरवायला निघाल्याची भीतीपेक्षा जास्त लाज वाटली.

“सर,” ती म्हणाली, “मोठ्या मशीनवर तपासू या. रक्त कुणाचं आहे, ते विसरून.”

सरांचं हसू मावळलं. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि हळूच होकारार्थी मान हलवली.

ताजं रक्त लागणार होतं. भाग्यलक्ष्मीनं खुर्ची पुढे सरकवली, “बैठ गे,” म्हणत सुलभाच्या दंडाला पट्टा बांधला. सुई उचलली, तशी ती थबकली. कपाटाकडे गेली आणि हातमोजे चढवून परत आली. सकाळी तिनं ते घातले नव्हते.

भाग्यलक्ष्मीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून सुलभानं मान खिडकीकडे वळवली.