राखाडी तुकडा

गावाच्या नव्या नकाशात शेती हिरवी, घरं पिवळी, दुकानं निळी आणि तळ्याकाठचं आमचं पटांगण राखाडी. राखाडी म्हणजे पडीक, कुणाच्याच वापरात नसलेलं. नकाशेवाला पाहणीला आला तेव्हा होड्या तळ्यात होत्या आणि जाळीही. जाळी वाळवायचे नुसते बांबू बघून गडी परत गेला. आता तिथे हॉटेलच्या गाड्या उभ्या राहणार होत्या. ओलं जाळं गुंडाळून ठेवलं की सडतं, आणि ऊन-वारा दोन्ही मिळेल अशी दुसरी सपाट जागा काठावर नाही. पटांगण गेलं की आमच्या पोटावर पाय.

नकाशावरच्या हरकती ऐकायच्या दिवशी मी अर्ज लिहायला बसले, तर सासूबाई म्हणाल्या, "ते राहू दे. जाळी उचल."

शेजारणीही आल्या. सुनावणीच्या सभागृहात आम्ही ओली जाळी पसरली; खुर्च्या, टेबल, खिडक्यांचे गज, काही म्हणून सोडलं नाही. फरशीवर पाणी ठिबकत होतं, वास तर विचारू नका. मला मात्र भारी मजा येत होती. लग्न झाल्यापासून सासूबाईंचं आणि माझं इतकं एकमत कधी झालं नव्हतं.

नकाशेवाल्याने नाकाला रुमाल लावला. "अहो, हे काय चालवलंय?"

"वाळत घालतोय," सासूबाई म्हणाल्या. "पटांगण तुम्ही देऊन टाकलंत. म्हटलं, इथली सवय करून घ्यावी."

"इथे ऊन नाही, वारा नाही. कशी वाळतील?"

"लागेल आठवडा. आम्हाला घाई नाही."

तेवढ्यात सुनावणीचे अध्यक्ष आले. पांढराशुभ्र सदरा, आणि बसायला जागा नाही. त्यांनी तावातावाने आपल्या खुर्चीवरचं जाळं ओढलं, ते त्यांच्या घड्याळात अडकलं. सोडवायला गेले तर आणखी गुंतलं. मग त्यांचा पारा चढला.

"डोकं फिरलंय का तुमचं? उचला हा पसारा आणि न्या तळ्यावर. रोज जिथे वाळत घालता तिथे घाला ना."

सासूबाई सावकाश नकाशेवाल्याकडे वळल्या.

"ऐकलंत? रोज वाळत घालतो म्हणाले. खुद्द अध्यक्ष. घ्या लिहून."

"पण त्यासाठी नकाशात रंगच नाही," तो पुटपुटला.

"मग आणा नवा. आम्ही बसलोय." त्या अध्यक्षांच्या खुर्चीवर टेकल्या. "आणि साहेब, तोवर हात हलवू नका. जाळं फाटेल."