कोषातली रेघ

दौंडच्या त्या गल्लीत महेजबीनची ओळख ‘माश्या पाळणारी’ अशीच होती. हसणाऱ्यांचं तोंड कोण धरणार! शिरूरच्या कॉलेजात ती फळमाशीवर पीएच.डी. करत होती. पिकल्या केळ्यावर घोंघावणारी ही चिमुकली माशी आधी अंडं, मग अळी, मग कोष असते. प्रत्येक टप्प्यावर तिच्या अंगातली कोणती प्रथिनं वाढतात, कोणती घटतात, ते महेजबीन मोजत होती. अंडी झाली, अळ्या झाल्या, कोष तेवढा राहिला होता. अळीनं अधाशासारखं खाऊन साठवलेली प्रथिनं कोषात मोडतात आणि त्यांतूनच पंख, पाय, डोळे घडतात. बाहेरून बघावं तर नुसता तांबूस दाणा. महेजबीनचा जीव याच टप्प्यावर जडला होता.

आणि नेमकी तेव्हाच कॉलेजची इमारत मतमोजणीसाठी ताब्यात गेली. प्रयोगशाळेला सील. प्रबंध द्यायची मुदत आधीच एकदा वाढवून घेतलेली, पुन्हा मिळणार नव्हती. मार्गदर्शक महेंद्र सर म्हणाले, “बाटल्या घरी न्या.” सांगायला काय जातंय! तिनं त्या एसटीतून मांडीवर घेऊन दौंडला आणल्या आणि आतल्या खोलीत फळीवर मांडल्या.

घरात तिनं फर्मान काढलं. अगरबत्ती नको, डासांची कॉइल नको, फिनेल नको, फोडणीचा खाट उठला की दार लोटायचं. तिच्या आईनं, बिबीजाननं, सगळं मुकाट ऐकलं. पोरगी डॉक्टर होणार याचा अभिमान तिला पोटात मावत नव्हता. लोबानाचं मात्र महेजबीन काहीच बोलली नाही. दर गुरुवारी दिवेलागणीला आई निखाऱ्यांवर लोबान टाकून घरभर फिरवते, हे ती जन्मापासून बघत आलेली. तो धूर आहे असं तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. तो घराचा वास होता.

गुरुवारी कळलं, उद्या सील निघणार. कोष न्यायला बर्फ हवा म्हणून ती स्टेशनाकडे गेली. परतली तर आतली खोली धुरानं भरलेली, निखाऱ्यांचं धुपाटणं बाटल्यांना खेटून फळीवर ठेवलेलं, आणि आई डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटून दुवा पुटपुटत होती.

“गल्ली हसती तुला,” बिबीजान डोळे उघडून म्हणाली. “लोकांची नजर लई वाईट. म्हनलं, तुझ्या माश्यांवरनंबी उतरून टाकावी. आता बघ, समदं कसं बिनघोर व्हतंय.”

बाटल्यांच्या तळाशी माश्या पाय वर करून पडल्या होत्या. नवी अंडी घालायला एकही उरली नव्हती. महेजबीनच्या ओठांवर शिवी आली. आईचा निर्धास्त चेहरा बघून तिनं ती गिळली. काचेला चिकटलेले कोष तरी होते. टरफलात असतात, वाचले असतील, अशी स्वतःची समजूत घालून तिनं ते बर्फात ठेवले आणि सकाळी शिरूर गाठलं.

यंत्रानं प्रथिनं वेगळी केली, एकेका प्रथिनाची एकेक रेघ उमटली. कोषाच्या रकान्यात एक रेघ ठसठशीत होती, अळीच्या रकान्यात तिचा मागमूस नव्हता. जिवाला चटका बसला की शरीर जे प्रथिन भराभर बनवतं, तेच हे. महेजबीनला फळीवरचं धुपाटणं आठवलं.

सर मात्र हरखले. “कोषात हे एवढं वाढतं? हे तर नवीनच!”

तिनं लोबानाचं सगळं सांगितलं. सरांनी चष्मा पुसला.

“लोबान कुणाला दिसणार आहे? रेघ दिसते ना? लिहून टाका.”

“सर, ही रेघ माशीची नाही. निखाऱ्यांची आहे.”

“मग मुदत गेली म्हणून समजा. बघा बाई, तुमचं तुम्ही ठरवा.”

तिनं ठरवलं. प्रबंध गेला नाही, नोंदणी रद्द झाली. खरं वागल्याबद्दल पाठीवर हात ठेवायला कुणीही आलं नाही. सर जिन्यात दिसले तर मोबाइल कानाला लावू लागले. एसटीत तिला सरांचा संताप आला, आईचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला.

घरी बिबीजान शेजारच्या चांगुणाबाईंबरोबर डाळ निवडत बसली होती.

“झाली का गं डाक्टर?”

“न्हाई आम्मा. रद्द झालं.”

“या अल्ला! कशानं?”

एक शब्द पुरला असता. आईच्या हातातलं सूप थांबलं होतं.

“माझंच चुकलं. कोष तापले.”

बिबीजाननं सूप बाजूला सारलं आणि चांगुणाबाईंकडे वळून कपाळावर हात मारला. “ल्हानपनापासनं आशीच हाय ही, ध्यान म्हनून न्हाई! हितं म्या जिवापाड जपल्या, आन् हिनं तिकडं नेऊन तापवल्या.”

“व्हय आम्मा,” महेजबीन म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.