विशेष काही नाही

डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडला, पुन्हा आवळला. पारा पुन्हा तिथेच जाऊन थांबलेला पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मिस्त्री, झोप लागते का?"

"लागते की."

शेजारी स्टुलावर बसलेल्या बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. पंपांच्या जळालेल्या मोटारी उघडून त्यांत नवी तार भरायची, हे त्याचे काम. हल्ली तो उजाडायच्या आधीच दुकान गाठायचा. पण तार हातात तुटायची. परवा छाती धरून तो दुकानातच खाली बसला. शेजारच्या शिंप्याने त्याला घरी आणून सोडले, तर हा बायकोला म्हणाला, पित्त झालंय.

"घरात अलीकडे काही घडलंय का? काही ताण?"

"छे. विशेष काही नाही."

बायकोच्या मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली. तिने ती उचलली नाही.

"आमची लेक गेली," ती डॉक्टरांना म्हणाली. "उन्हाळ्यात. कामावर जाताना गाडीनं उडवलं. तेव्हापासून यांनी तिचं नाव काढलेलं नाही. मी काढलं की भरल्या ताटावरून उठून जातात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. मिस्त्री छताकडे बघत होता.

"तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. "आवाज ऐका. लवकर बदलून घ्या."

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली. दोघे बाहेर आले. ती पायरीवरच बसली आणि तोंडावर हात दाबून रडू लागली. तो समोर उभा राहिला. तिच्या खांद्याकडे गेलेला हात त्याने अर्ध्यावरूनच मागे घेतला.

"गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?" त्याने विचारले.

तिने डोळे पुसले.

"मला नका विचारू," ती म्हणाली. "आत जा. त्यांच्याशी तरी बोला."

तो आत गेला. डॉक्टरांनी हातातले काम बाजूला सारले, समोरची खुर्ची दाखवली.

"बसा मिस्त्री. बोला."

खुर्चीची पाठ त्याने घट्ट धरली. ओठ हलले.

"ती..." तो म्हणाला.

डॉक्टर पुढे झुकले.

"ती गोळी. जेवणाआधी की नंतर?"

"नंतर," डॉक्टर हळूच म्हणाले.

"बरं."

आवाज होऊ नये म्हणून त्याने दार अलगद ओढून घेतले. बाहेर पायरीवर कोणी नव्हते.