नगाऱ्याचं कातडं

दीपाच्या वाट्याला देशाचा सगळ्यात खडूस भाग आला होता. परभणीच्या लॉ कॉलेजात तिच्या वर्गाला एक काल्पनिक देश दिला होता, आणि त्याचं संविधान पोरांनी लिहायचं होतं. अट एकच: सरकार लहान असावं, त्याचे हात बांधलेले असावेत, त्याने माणसाच्या अंगणात उगाच पाय टाकू नये. झेंडा, राजमुद्रा, मूलभूत हक्क हे गोडधोड चपळ पोरांनी आधीच उचललं. दीपा त्या दिवशी बस चुकल्यामुळे उशिरा पोचली, तेव्हा पाटीत न्यायालयं आणि कार्यकारी मंडळ एवढंच उरलं होतं. न्याय कोण करणार आणि तो अंमलात कोण आणणार, ते तिने ठरवायचं. बावीस वर्षांच्या पोरीने, पंधरा दिवसांत!

शांतपणे लिहावं म्हणून ती घरी, तांड्यावर आली. तांडा सिद्धेश्वरच्या धरणाच्या काठाला, औंढ्याच्या बाजूला. एप्रिल सरत आला होता. पाणी पार आत सरकलं होतं आणि काठावर भेगाळलेला गाळ उघडा पडला होता. घरात तिची आई, आणि आजोबा वसराम. वसराम एकेकाळी या तांड्याचे नाईक होते. नाईक म्हणजे तांड्याचा कर्ता पुरुष: भांडण त्याच्यापुढे यायचं, निकाल तो द्यायचा आणि निकाल पाळला जातो का ते बघणाराही तोच. आता एक्क्याऐंशी वर्षांचे होऊन ओसरीतल्या खाटेवर पडून असायचे. खाटेखाली नगाऱ्याचं तांब्याचं भांडं उपडं घातलेलं होतं. त्यावर कातडं नव्हतं. दीपाच्या आईने एकदा त्यात कांदे ठेवायचं ठरवलं, तेव्हा म्हातारा दोन दिवस जेवला नव्हता. तेव्हापासून त्या भांड्याला कुणी हात लावत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, दीपा लॅपटॉप घेऊन ओसरीत बसली होती. ऊन एवढं की कुत्रीसुद्धा भिंतीला चिकटलेली. तेवढ्यात आवाज आला.

ढम्म.

एकदाच. थोडं थांबून पुन्हा, ढम्म. कुठे तरी सुरुंग लावत असतील, असं तिने मनाशी म्हटलं. पण सुरुंग दूर वाजतो, आणि हा आवाज पायाखालून आला होता. तिने खाटेकडे पाहिलं. आजोबा उठून बसले होते आणि तिच्याकडेच बघत होते.

"तुलाबी आला?" त्यांनी विचारलं.

"काय आला, दादा?" आजोबांना ती दादाच म्हणायची.

"आवाज. एवढी वर्सं मला एकट्यालाच येतो म्हून मी कुनाला बोललो न्हाई. लोक म्हनतील, म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं."

 ती खाली वाकली आणि भांड्याला हात लावला. तांबं गार होतं, तेही एवढ्या उन्हात. भिऊन तिने हात मागे घेतला.

मग म्हाताऱ्याने सगळं सांगितलं. सांगताना तिच्याकडे पाहिलं नाही, दाराच्या चौकटीकडे पाहत राहिला.

एकेचाळीस वर्षांपूर्वीची होळी. नगारा तांड्याचा, पण राहायचा नाईकाच्या घरी. होळीच्या आदल्या संध्याकाळी रूपाबाई दारात येऊन भांडली. विधवा बाई, एक लेक पदरात, बांधावरच्या बाभळीवरून वाद. हातात विळा होता, कारण ती थेट शेतातून आली होती. भांडून गेली. सकाळी पाहिलं तर नगाऱ्याचं कातडं फाटलेलं. ऐन होळीत तांड्याचा आवाज गेला. वसराम पेटून उठले. त्याच दिवशी बैठक बसवली आणि रूपाबाईला उभं केलं.

"फिर्यादी मीच," म्हातारा म्हणाला. "न्याय करनाराबी मीच. तांड्यातून तोडली तिला. हिरीवर पानी न्हाई, चुलीला इस्तू न्हाई, कुनी बोलायचं न्हाई. अन् कोनी बोलतंय का ते बघत रोज मीच हिंडायचो."

अकरा दिवस ती तशी राहिली. रोज दुपारी, लोक झोपायच्या वेळी, नाईकाच्या दारात येऊन उभी राहायची. ओरडायची नाही. म्हणायची, "नाईक, तुमच्या निकालावर दाद मागायची हाय. दुसरं दार दाखवा."

"मंग तुमी काय म्हनले?" दीपाने विचारलं.

"मी म्हनलो, दार एकच हाय."

बाराव्या दिवशी रूपाबाईने लेकीला मामाच्या घरी सोडलं आणि काठाकाठाने निघून गेली. गाठोडं काठावर सापडलं. बाई सापडली नाही.

"अन् कातडं तिनंच फाडलं होतं?"

म्हातारा उठला. भिंतीतल्या कोनाड्यातून त्याने कापडात गुंडाळलेली दोन कातडी काढली आणि दीपाच्या पुढ्यात अंथरली. नगारा वाजवायच्या आधी कातडं विस्तवाजवळ शेकतात, म्हणजे ते ताणतं आणि आवाज खणखणीत निघतो. तांड्यातलं पोरगंही हे जाणतं. त्या संध्याकाळी वसरामांनी नगारा निखाऱ्यांजवळ शेकायला ठेवला होता. मग रूपाबाई येऊन भांडली, रागाच्या भरात त्यांना नगाऱ्याची आठवणच राहिली नाही. पुढच्या वर्षी नवं कातडं चढवलं, शेकायला ठेवलं, आणि यावेळी ते शेजारीच बसले होते. जरा जास्त धग लागली आणि कातडं त्यांच्या डोळ्यांदेखत काठापासून आत फाटलं. अगदी तशीच वाकडी चीर. विळ्याची चीर सरळ जाते.

दीपाने दोन्ही कातडी शेजारी शेजारी लावली. हातच्या काकणाला आरसा कशाला? दोन्ही चिरा एका आईच्या लेकी वाटत होत्या.

"तुमाला चाळीस वर्सं ठाऊक होतं!" तिचा आवाज चढला. तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. लहानपणी याच म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसून ती जवळा बाजारला गेली होती. "मंग बोलले काहून न्हाई?"

"नाईकानं दिलेला शबूद नाईक मागं घेत न्हाई. अन् दुसरं कोन घेनार? मीच म्हनलो होतो ना, दार एकच हाय." त्यांनी डोळे पुसले. "तवापून ती येती. रोज दुपारी. दाद मागायला. पोरी, तू न्याय शिकून राहिली. मरायच्या आत माझा निकाल फिरव."

आता बघा गंमत. कॉलेजात सर सांगून सांगून थकले होते की कुणी स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश नसावा, आणि निकाल देणारा हात वेगळा, तो बजावणारा हात वेगळा. दीपाने ते वहीत उतरवून परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण असं का, ते तिला त्या दुपारी ओसरीत कळलं.

दुसऱ्या दिवशी ती वारंगा फाट्याला गेली. रूपाबाईची लेक पंचफुला तिथे चहाची टपरी चालवत होती. पन्नाशीची, अंगाने काटक, ट्रकवाल्यांना एका नजरेत गप्प करणारी बाई. दीपाने नाव सांगितलं तसा तिचा हात थांबला आणि चहा उतू गेला.

"माफी मागायला आली असशील तर चहा पी अन् पुढच्या गाडीनं जा."

"माफी न्हाई मावशी, खटला. दादा आरोपी. कायद्यात ह्या बैठकीला काडीची किंमत न्हाई, अन् कुनाला शिक्षा द्यायची न्हाई. पर तुमच्या मायचा निकाल जिथं झाला तिथंच तो फिरला पायजे. न्यायाला तुमी बसा."

पंचफुलाने स्टोव्ह बंद केला. 

"मी न्हाई बसनार," ती म्हणाली. "मी फिर्यादी हाय पोरी. फिर्यादीनंच निकाल द्यायचा? तेच तर झालं होतं." मग म्हणाली, "पर येते मी. उभी राहते."

दीपा परत येताना बसमध्ये रडली. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने तिच्या मसुद्यातलं पहिलं कलम टपरीवर उभ्या उभ्या सांगितलं होतं.

न्यायाला बसवायला माणसं शोधताना मात्र घाम फुटला. तांड्यात सगळेच एकमेकांचे नातेवाईक, म्हणून बाहेरून माणसं आणावी लागली. शेजारच्या गावचे उत्तमराव, जुने शेतकरी, कुणाच्या अध्यात न मध्यात. अंगणवाडी चालवणाऱ्या सखुबाई. आणि धरणावर मासे धरणारा भागवत, जो वसरामांना घाबरत नव्हता, कारण तो कुणालाच घाबरत नव्हता. तांड्यातल्या काही म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. बैल गेला अन् झोपा केला, म्हणाले. म्हण चुकीची नव्हती. तरी रविवारी सकाळी सगळे आले.

बैठक काठावरच्या लिंबाखाली भरली. वसराम जिथे आरोपी उभा राहतो तिथे उभे राहिले आणि डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. नाईकाचं उघडं डोकं तांड्याने कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही कातडी मातीवर अंथरली होती. त्यांनी काही लपवलं नाही. निखारे, विसर, राग, विळा, सगळं सांगितलं, आणि एका वर्षानंतर कळूनही चाळीस वर्षं गप्प बसलो, हेही सांगितलं. पंचफुला पदर तोंडात धरून ऐकत होती. तिने एकच प्रश्न विचारला.

"माय दारात यायची, तवा तुमी आतून बघायचे?"

"व्हय," म्हातारा म्हणाला. "रोज बघायचो."

तिघे उठून बाजूला गेले आणि पाऊण तासाने परतले. सखुबाईंनी वाचून दाखवलं. रूपाबाई निर्दोष होती. तिच्यावरचा निकाल आजपासून रद्द. तांड्याने तिच्यावर अन्याय केला. ती कधीही तांड्यात परत येऊ शकते, विहीर तिची आहे, विस्तव तिचा आहे.

कुणी तरी हुंदका दिला. वसरामांनी मान खाली घातली. दीपाला वाटलं, झालं एकदाचं. पण पंचफुला पुढे आली.

"बराबर हाय," ती म्हणाली. "आता हे तिला सांगनार कोन?"

  दीपाच्या मसुद्यात यावर कलम नव्हतं. मागच्या सुट्टीत तिने कोर्टात काम शिकताना बेलीफ पाहिले होते, नोटीस घेऊन दारोदार फिरणारे. माणूस भेटला नाही की कागदावर शेरा मारायचे: सदर इसम मिळून आला नाही. एवढं लिहिलं की त्यांचं काम संपायचं.

उत्तमराव घसा साफ करत म्हणाले, "निकाल आमी दिला. बजावायचं काम आमचं न्हाई. वसरामभाऊ, आज तुमी न्यायाला बसले नव्हते. म्हून हे काम तुमाला चालतं."

म्हाताऱ्याने पागोटं खाली ठेवलं. सखुबाईंच्या हातून कागद घेतला आणि भेगाळलेल्या गाळातून पाण्याकडे चालू लागला. दीपा हात धरायला धावली तर त्याने तो झटकला. पाणी घोट्याला लागलं तिथे थांबला.

"रूपाबाई!" तो ओरडला. फाटका आवाज. "निकाल फिरला! घरी चल!"

तीनदा हाक मारली. ऊन आता डोक्यावर आलं होतं. ही तीच वेळ होती. दीपा कान देऊन उभी राहिली, ओसरीतून, पाण्यातून, कुठून तरी तो आवाज येईल म्हणून. आवाज आला नाही. पंचफुला जेवायला थांबली नाही. जाताना तिने दोन कातड्यांतलं पहिलं उचललं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. कुणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशीही आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दीपाला वाटलं म्हातारा सुटला. पण तो खाटेवर बसून भांड्याकडे टक लावून बघायचा, आणि चौथ्या दुपारी लहान लेकरासारखा रडायला लागला.

"ती रोज दाद मागायला यायची गं," तो म्हणाला. "तवर वाटायचं, कुठं तरी हाय. आता यायचीबी बंद झाली."

दीपाने त्याला जवळ घेतलं.  त्या संध्याकाळी तिने मसुद्याला शेवटचं कलम जोडलं: चुकीचा निकाल फिरवण्याची मुदत, तो ज्याच्यावर झाला तो माणूस जिवंत असेपर्यंत. पुढे सरांनी त्यावर लाल रेघ मारली. मुदत अशी बांधता येत नाही, ही कायद्याची भाषा नव्हे, असं बाजूला लिहिलं. दीपाने ते कलम काढलं नाही.

पावसाळा तोंडावर आला तरी वसरामांचा नेम मोडला नाही. रोज दुपारी कागद खिशात घालून काठीच्या आधाराने पाण्यापर्यंत जायचे, तीन हाका मारायचे आणि परत यायचे. दीपा सुट्टीला आली की ओसरीत त्यांची वाट बघायची. ते पायरीवर बसायचे, श्वास जुळवायचे आणि ती विचारायच्या आधीच सांगायचे.

"आजबी मिळून आली न्हाई. लिही."

आणि दीपा तारीख घालून लिहायची.