योक लानला कळलं का?

झहारुद्दीन सरांचं मत पक्कं होतं: ज्या मुलाला मोठ्यानं धडाधड वाचता येतं, त्यालाच कळतं. सर उपमुख्याध्यापक, त्यामुळे त्यांच्या मताला जरा जास्तच वजन. तिसरीतली योक लान मोठ्यानं वाचताना शब्दाशब्दाला ठेचकाळायची. घरी सगळे कँटोनीज ही चिनी बोली बोलणारे. शिकवण्याची भाषा मलय, ती कानावर पडायची शाळेतच. तेव्हा तिला उचलून मागे पडलेल्यांच्या वर्गात बसवायचं, असं सरांनी ठरवूनच टाकलं होतं.

"तिला कळतं हो, सर," रोस्नानी बाई म्हणाल्या. "फक्त जीभ वळत नाही."

"तुम्हाला काय, सगळीच पोरं हुशार वाटतात. उद्या वर्गात येऊन बसतो. दाखवा मला."

खरं सांगायचं तर बाईंनाही खात्री नव्हती. पण पोरीला एकदा तिकडे धाडलं की ती कायमची तिकडचीच होणार, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात येऊन बसल्यावर बाईंनी स्वतः लिहिलेला उतारा वाटला आणि मनात वाचायला सांगितलं. गोष्ट एवढीशी. माकडं फार झाली म्हणून लेमानकाकांना त्यांची बायको लिचीसारख्या रांबुतानच्या झाडाखाली बाक टाकून राखणीला बसवते. संध्याकाळी विचारते, माकडांनी किती फळं खाल्ली? काका छातीठोकपणे सांगतात, एकही नाही. झाडावर फळ उरलेलं नसतं, काकांच्या बाकाखाली सालींचा ढीग असतो आणि काकांना रात्रीचं जेवण नको असतं. बस्स. फळं कोणी खाल्ली, हे उताऱ्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. मग खिडकीपाशी. जो शेवटाला पोचेल तो हसत होता. योक लान मात्र अजून ओळीवर बोट ठेवून वाचतच होती. सरांनी बाईंकडे पाहिलं.

पोरीचं बोट शेवटच्या ओळीवर पोचलं, पुन्हा वर सरकलं, सालींच्या ढिगापाशी थांबलं. आणि ती तोंडावर हात दाबून खुदखुदायला लागली.

"बाकीचे हसले म्हणून हसतेय," सर पुटपुटले. मग तिच्याजवळ गेले. "काय गं, हसायला काय झालं?"

योक लान उभी राहिली. शब्द गोळा करत, अडखळत म्हणाली, "सर, काकूनं... माकडांनाच राखायला ठेवायचं होतं. त्यांनी थोडी तरी ठेवली असती."

वर्गात खसखस पिकली. सर ओठ घट्ट मिटून उभे होते, पण पोट हलायला लागलं होतं. "राहू दे हिला इथंच," एवढं म्हणून ते बाहेर पडले आणि व्हरांड्यात जाऊन मनसोक्त हसले.

रोस्नानी बाई खुर्चीत मटकन बसल्या. "सुटले एकदाची," त्या स्वतःशीच म्हणाल्या. डोळे उगीचच भरून आले होते.

योक लान अजून उभीच होती. "बाई, बसू?"

"बस गं बाई. तुझ्या जागेवर बस."